घेवडा, नाकतोडे आणि पांढरं सिमेंट

सोमवार, ३

आज जेवताना बाबा म्हणाले, "परसातली ती भाजी काढून टाकू. तिथं एक खोली बांधतो."

"कशाला?" मी विचारलं.

"सामान ठेवायला."

बाबा गवंडी आहेत. सामान म्हणजे थाप्या, घमेली, फावडी आणि दुसऱ्यांच्या बांधकामावरून उरलेली सिमेंटची अर्धी पोती. हे सगळं आजवर मोरीच्या मागे राहत आलं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्या पोत्यांसाठी आता आईचा घेवडा, पालक आणि वांग्याची झाडं उपटायची! मी आईकडं पाहिलं. ती वाढता वाढता म्हणाली, "बांधा की. तसंही सगळं नाकतोडेच खातात. आपण नुसतं पाणी घालायचे धनी."

आई स्वतःसाठी कधीच काही मागत नाही. तिच्या वतीनं कोणीतरी बोलायला हवं आणि या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी एकटीच आहे. म्हणून मी बोलले. हिरव्या जमिनीवर सिमेंट ओतणाऱ्या माणसांना पुढच्या पिढ्या माफ करणार नाहीत, असंही म्हणाले. तोवर बाबांचं जेवण उरकलं होतं.

"बरं बाई," हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "महिनाअखेर घेवड्याच्या वेलावरच्या शेंगांची तिघांना पुरेल एवढी भाजी झाली, तर बाग राहील. नाही झाली तर मी पाया खणणार."

"कबूल!"

"नाकतोड्यांना विचारलंस का?" आई म्हणाली.

बुधवार, ५

वाचनालयातून बागेतल्या किडींवरचं पुस्तक आणलं. माझी पदवी इतिहासाची, पण शिकलेल्या माणसाला कोणताही विषय परका नसतो, असं आमचे सर म्हणायचे.

शत्रूची पाहणी केली. हिरवे, करडे, आणि एक पोपटी, तो मला बघून पानाच्या मागे सरकला. मी दुसरीकडून वाकले तर तो इकडं आला. बराच वेळ आम्ही एका पानाभोवती फिरत होतो. कुंपणापलीकडून इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "मास्तरीणबाई, लग्न ठरलं की काय त्याच्याशी?"

काकू माझ्या वर्गात येतात. गल्लीतल्या ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी संध्याकाळी वर्ग घेते. सुरुवात तीन जणींनी झाली होती, आता खोलीत पाय ठेवायला जागा नसते. एका भिंतीला आईचं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला खाट. त्यामुळे काकूंचे पाय खाटेखाली असतात आणि पाटी मशीनच्या पायट्यावर. वर्ग सुटेपर्यंत बाबा बाहेर पायरीवर ताट मांडीवर घेऊन जेवतात. मी कितीदा म्हटलं, मला संकोच वाटतो. ते म्हणतात, "बाहेर वारा छान असतो."

गुरुवार, ६

पुस्तकातले उपाय जेवताना मोठ्यानं वाचून दाखवले, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेले बरे. एक, वेलावर बारीक जाळी. दोन, लसूण-मिरचीचं पाणी फवारणं. तीन, कडेला थोडं गवत वाढू द्यायचं, म्हणजे नाकतोडे तिथंच रमतात. चार, पहाटे गारठ्यानं ते सुस्त असतात तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे.

"हातानं?" आई म्हणाली. "झुरळ दिसलं तर खाटेवर चढतेस तू."

मी जुनी मच्छरदाणी कापून वेलावर टाकली. कडा विटांनी दाबल्या. विटा बाबांनी न मागता दिल्या, याची नोंद करते. मात्र देताना विचारत होते, "काय ग, लिहिताना उजेड डावीकडून लागतो की उजवीकडून?" मी सांगितलं, डावीकडून. कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या खिडकीचं असेल.

रविवार, ९

सकाळी जाळी एका बाजूनं वर गेलेली आणि आत मेजवानी चाललेली. कोवळी पानं चाळणीसारखी झालीत. वीट बाजूला नीट उभी ठेवलेली होती. वारा असा वीट उचलून बाजूला ठेवतो का?

"मांजर असेल," आई म्हणाली.

लसूण-मिरचीचं पाणी फवारलं. डोळ्यांची इतकी आग झाली की शेवटचा भाग आवाजाच्या अंदाजानं फवारला. काकू म्हणाल्या, दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या गिऱ्हाइकाच्या शर्टाला आता फोडणीचा वास येतोय.

सोमवार, १०

आईनं आज सगळा वेल स्वच्छ पाण्यानं धुऊन काढला. म्हणाली, पानांवर फार धूळ बसली होती. माझ्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणतात ते असं. पण आईला कसं बोलणार? तिला स्वच्छतेची सवयच आहे.

गुरुवार, १३

कडेचं गवत छान वाढलं होतं आणि नाकतोडे खरोखर तिथं रमले होते. संध्याकाळी वर्ग संपवून बघते तर आई विळा घेऊन गवत कापून मोकळी! "तुझ्या बाबांना सापाची भीती वाटते," म्हणाली. बाबा तर परवाच दगडाखालचा साप काठीनं हाकलून आले होते. भीती कधी मनात बसेल सांगता येत नाही.

गवतातले सगळे नाकतोडे आता घेवड्यावर राहायला आलेत.

गवत कापून झाल्यावर आई बराच वेळ वेलापाशी होती. एक कोवळा शेंडा खाली लोंबत होता, तो तिनं मशीनवरच्या दोऱ्यानं काठीला हलकेच बांधला. असा बांधला की गाठ वेलाला लागू नये. या बाईची बाग मोडू देणार नाही. काहीही झालं तरी नाही.

रविवार, १६

पहाटे वेचायला गेले. मनाची तयारी करून हातमोजे घातले होते. आश्चर्य म्हणजे वेलावर नाकतोडे फारच थोडे होते, आणि कोपऱ्यातल्या घमेल्यात साबणाच्या पाण्यावर बरेच तरंगत होते. मी काल घमेलं तयार करून ठेवलं होतं. आपणहून येऊन बुडाले असावेत. साबणाच्या वासानं खेचले जातात का, हे पुस्तकात शोधते.

बाबा मोरीवर हात धूत होते. "आज लवकर?" मी विचारलं.

"कामावर जायचंय."

रविवारी?

जेवताना त्यांनी विचारलं, "शाळेतला फळा केवढा असतो ग, साधारण?" मी हातानं दाखवलं. म्हणाले, "आणि भिंतीत पक्का बसवला तर बरा की टांगलेला?" मी म्हटलं, पक्का. गिऱ्हाईक शाळा चालवणारं दिसतं. दुसऱ्यांच्या शाळा बांधणारा माणूस घरी मात्र पोत्यांची खोली बांधणार! मी हे बोलले नाही. चेहऱ्यावर आणलं फक्त.

मंगळवार, १८

शेंगा धरल्या! बोटाएवढ्या, कोवळ्या, पण शेंगाच. उड्या मारत आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "अगबाई, हो का," आणि मशीनच्या सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही जाईना. मीच ओवून दिला.

आणि जाळी परत उघडी होती. ते मांजर मला एकदा दिसू दे.

बुधवार, १९

पुस्तकात पाचवा उपाय सापडला. पानांवर दव असताना पीठ भुरभुरायचं. पान खाल्लं की नाकतोड्यांच्या तोंडात त्याचा चिकटा होतो आणि त्यांचा जबडाच चालेनासा होतो. रात्री जेवताना वाचून दाखवलं.

"पानांवर पांढरी पूड," बाबा म्हणाले. "नुसती भुरभुरायची?"

"हो. पहाटे."

"आपल्याकडं पीठ संपत आलंय," आई म्हणाली. "नाकतोड्यांना जेवायला बसवायची काही गरज नाही."

उद्या काकूंकडून वाटीभर मागून आणते.

गुरुवार, २०

आज जे झालं ते लिहायलाही हात होत नाही.

सकाळी वाटी घेऊन गेले तर अर्धा वेल आधीच पांढरा. हात लावला तर पान कडक! दुमडायला गेले तर पापडाची कड मोडावी तसं कट्‌कन मोडलं. एका पानावर तर एक नाकतोडा उडी मारायच्या पवित्र्यात तसाच घट्ट बसला होता, पुतळ्यासारखा. ते पीठ नव्हतं. पांढरं सिमेंट होतं. दवानं भिजून पानापानावर जमलं होतं.

पांढरं सिमेंट या घरात कोणाकडं असतं, हे सांगायला कोणाची साक्ष नको.

म्हणजे महिनाअखेरची वाट पाहण्याचाही धीर नाही! पाया खणायच्या आधीच बाग पानापानानं लिंपायला घेतली. मी सरळ विचारलं, "हे तुम्ही केलंत?"

बाबांनी पान हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "चुकलं," एवढंच म्हणाले. मग पान खाली ठेवत, "अंधारात सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात."

अंधारात केलेल्या कामाचं हेच समर्थन असतं! मी म्हटलं, इतिहासात अशी माणसं फार झाली. ते मान खाली घालून सायकल काढून गेले. डबाही विसरले.

आई पांढरी पानं खुडत होती आणि हसत होती. इतकी की पदर तोंडाला लावावा लागला. धक्क्यानं माणूस असं करतं, मी ऐकलंय.

शनिवार, २२

बाबांशी बोलत नाही. गरज पडली तर आईमार्फत. "आई, बाबांना सांग, मीठ इकडं द्या." बाबा म्हणतात, "तिला सांग, दिलं." आई म्हणते, "मी काय टपाल कचेरी आहे का?"

बाबांचं तोंड उतरलंय. पश्चात्ताप होत असेल तर चांगलंच आहे.

मंगळवार, २५

सिमेंट न लागलेल्या अर्ध्या वेलावर शेंगा भरताहेत. पण रोज सकाळी कालच्यापेक्षा कमी वाटतात. नाकतोडा शेंग देठासकट नेतो का? पुस्तकात तसं नाही.

संध्याकाळी वर्गात काकूंनी पहिल्यांदा पूर्ण वाक्य वाचलं. पुठ्ठ्यावर मी लिहिलं होतं, "माझे घर छान आहे." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "खोटं लिहिलंत, पण वाचता आलं." सगळ्या हसल्या आणि त्या हसण्यात कोणाचं तरी डोकं मशीनला आपटलं. जाताना काकू आईला म्हणाल्या, "वहिनी, शेंगा काय कोवळ्या होत्या हो!" आईनं डोळे मोठे केले तशा म्हणाल्या, "म्हणजे बाजारातल्या."

दारात दोन नव्या बायका उभ्या होत्या. मी त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवलं. पाठवताना त्यांच्याकडं बघता आलं नाही. एकीनं घरून पाटी आणली होती.

बाबा पायरीवरच होते. त्या दोघी गेल्या त्या दिशेला बघत राहिले.

शुक्रवार, २८

शेंगा मोजक्याच उरल्या आहेत. फार तर एकट्या आईची भाजी होईल, तीसुद्धा ती दोन घास मला देणार हे धरून. हरणार असं दिसतंय. हरण्याचं दुःख नाही. दुःख याचं की आईला मी शब्द दिला होता.

तिला तसं म्हटलं. तर म्हणते, "कधी दिलास? मला नाही आठवत."

मनात दिला होता.

सोमवार, ३१

चमत्कार झाला असं लिहून ठेवणार होते. बरं झालं घाईनं लिहिलं नाही.

पहाटे गेले तर वेल शेंगांनी लगडलेला! लांबसडक, गुळगुळीत, गडद हिरव्या. आमच्या शेंगा आखूड आणि फिक्या. एका रात्रीत जातच बदलली? एक तोडायला गेले, तर ती तुटेना. वाकून पाहिलं. देठाला तार होती. सळया बांधायची तार, पक्कडीनं दोन वेढे देऊन पिळलेली, टोक आत वळवलेलं. बाबांच्या हातची गाठ मी लांबूनही ओळखते.

मी हाक मारली. आई आली. तिनं शेंग पाहिली, तार पाहिली, आणि माझ्याकडं न बघता ओरडली, "अहो! इकडं या!"

बाबा तोंडात दातांचा ब्रश घेऊनच आले.

"हे तुम्ही केलंत? महिनाभर मी उजाडायच्या आत उठून जाळी वर करते, आणि तुम्ही बाजारातून शेंगा आणून बांधता?"

"जाळी तू वर करत होतीस?" बाबांनी ब्रश काढला. "तरी म्हटलं, रोज एवढे नाकतोडे आत येतात कुठून! वेचून वेचून कंबर गेली माझी."

"तुम्हाला वेचायला सांगितलं कोणी? खोली तुम्हालाच बांधायची होती ना?"

"होती. पण पोरीचा जीव अडकला वेलात."

"पोरीचा? हिला पालक आणि माठ वेगळा सांगता येत नाही!"

"हे सगळं ती तुझ्यासाठी करत होती."

"माझ्यासाठी कशाला? मी ही सगळी खटपट तिच्यासाठीच करत होते ना!"

मी मध्ये शेंग धरून उभी होते. मी म्हटलं, "एक मिनिट. मग ते सिमेंट?"

"पीठ समजून टाकलं ग," बाबा म्हणाले. "तूच म्हणालीस, पांढरी पूड. पहाटे हाताला लागली ती पिशवी घेतली."

"आणि सामानाची खोली?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या, "सांगा की आता. माझे पाय त्या खाटेखालून कधी निघायचे?"

मग आई म्हणाली, "सामान कसलं? तुझा वर्ग. यांनी खिडकी, फळा सगळं ठरवून ठेवलंय. आधी सांगितलं असतं तर तू दोन तास भाषण केलं असतंस, आईची बाग मोडून मला खोली नको म्हणून."

"केलंच असतं!"

"म्हणून सांगितलं नाही. अग, भाजी मिळते बाजारात. खोली मिळते का?"

मी काय बोलले ते लिहीत नाही, कारण काहीच बोलले नाही. आमच्या सरांनी ऐकलं असतं तर त्यांना नवल वाटलं असतं.

बाबांनी पक्कड आणून शेंगा सोडवल्या. त्यांचीच भाजी झाली. पुरून उरली.

मंगळवार, १

पैज मी हरले, असं बाबांना रीतसर सांगितलं. बाजारच्या शेंगा मोजायच्या नाहीत हे उघड आहे. सिमेंटच्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. इतिहासातल्या माणसांचे शब्दही मागे घेतले.

"कोणती माणसं ती?" बाबांनी विचारलं. "त्यांनी काय केलं होतं?"

सांगत बसले. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "वाईटच होती." आणि डाव्या बाजूला खिडकी किती मोठी हवी ते विचारलं.

आईशी मात्र वाद झाला. मी म्हटलं, खोली थोडी लहान करू, वेल वाचेल. ती म्हणाली, "लहान खोलीत परत कोणाचे पाय खाटेखाली घालणार? घेवडा आहे तो. देव नाही." आणि बादली उचलून वेलाला पाणी घालायला गेली.

उपटायच्या वेलाला पाणी कशाला, हे मी विचारलं नाही.

शनिवार, ५

बाबांनी परसात खुंट्या ठोकून सुतळी ताणली. समोरची बाजू नेमकी वेलाच्या मुळावरून जाते. आईनं पाहिलं, "चांगली आहे," म्हणाली आणि आत जाऊन मशीन चालवायला बसली. कापड घातलं नव्हतं. नुसतीच चालवत होती.

सगळे आत असताना मी खुंटी उपटली आणि हातभर अलीकडे ठोकली. विटेनं ठोकली, आवाज होऊ नये म्हणून वर चिंधी ठेवली.

रविवार, ६

सकाळी बघते तर सुतळी परत वेलाच्या मुळावर. म्हणजे आई! मी इकडंतिकडं बघून खुंटीला हात घातला, तोच मागून बाबा म्हणाले, "थांब."

त्यांच्या हातात कुदळ होती. रस्त्याच्या पलीकडून भिंतीचा वाक ओळखणारा माणूस. त्यांनी जमिनीतली खुंटीची भोकं पाहिली. मी केलेलं एक होतं. त्यांचं मूळचं एक. आणि आणखी एक, त्याहून अलीकडे, ते माझं नव्हतं आणि आईचं तर नव्हतंच. बाबांनी त्यावर हळूच पाय ठेवला.

मग घराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ज्याला ज्याला सुतळी हलवायची आहे त्यानं आत्ता हलवून घ्यावी. एकदा कुदळ पडली की मी कोणाच्या बापाचं ऐकणार नाही!"

"तिचा बाप तुम्हीच आहात," आतून आई म्हणाली.

पण ती बाहेर आली. ओले हात पदराला पुसत सुतळीपाशी उभी राहिली. माझ्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, काकू कुंपणावर हनुवटी टेकून होत्या त्यांच्याकडंही पाहिलं. एक नाकतोडा सुतळीवर येऊन बसला, तिनं त्याला बोटानं उडवलं.

मग ती खाली बसली. खुंटी दोन्ही हातांनी हलवून हलवून काढली आणि वेलाच्या मुळापासून चार बोटं अलीकडे रोवली. फक्त चार बोटं. वेल बाहेर राहील आणि खोलीही लहान होणार नाही, अशी.

"इतकंच," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

बाबांनी सुतळी ताणून पाहिली. तिरकी होती. त्यांनी ती तशीच ठेवली आणि कुदळ उचलली.